वहीतला बांध

पोरांच्या वहीवरून भावाभावांत जुंपलेली बघितलीय का कुणी? आमच्या शेजारी जुंपली. तिथं नव्या मॅडम राहतात. त्यांनी भूगोलाला पोरांकडून शेताचे नकाशे काढून घेतले. संध्याकाळी त्यांच्या वर्गातल्या राणीचा चुलता तिची वही घेऊन हजर.

"मॅडम, पोरीनं बांध आमच्या रानात सरकवलाय. खोडा."

मॅडमनी खोडला. तेवढ्यात राणीचा बाप आला. "कुणाला विचारून खोडला? परत काढा, अन् शाळेचा शिक्का मारा."

मी झाडू घेऊन अंगण झाडतच होते.

मॅडम रडकुंडीला आल्या. "भूगोल राहू द्या. उद्यापासून इतिहास घेते. सगळ्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांची माहिती आणायची."

मला राहवलं नाही. "तसलं काही करू नका मॅडम. ह्यांच्या आजोबाला दोन बायका होत्या."

भांडण जागच्या जागी थांबलं. दोघं भाऊ माझ्याकडं वळले.

"दोन?"