तीन नकला

आमच्या सलीमचाचांसमोर ‘नक्कल’ हा शब्द चुकून पण काढू नका, हातातला चहा सांडेल. चाचा हातमागावर हिमरू शाली विणतात. मशीनवरच्या शाली हिमरू म्हणून इथल्या बाजारात अन् पार दुबईपर्यंत खपायला लागल्या, तसे ते माझ्याकडं आले. "वकीलसाब, कायद्यानं बंद करू. देशात बी अन् बाहेर बी."

मी ‘हिमरू’ या नावाच्या नोंदणीचा अर्ज लिहून दिला. चाचा तो घेऊन एकटेच कचेरीत गेले. कारकून वाचून म्हणाला, "ठीक आहे. उद्या तीन नकला घेऊन या."

दुसऱ्या दिवशी मी सोबत होतो. चाचांनी पिशवीतून मशीनच्या तीन शाली काढल्या अन् टेबलावर आपटल्या. "ह्या घ्या नकला! लई शोधावं बी नाय लागलं, पहिल्याच दुकानात भेटल्या."

कारकून पोट धरून हसायला लागला. "अहो चाचा, अर्जाच्या नकला! झेरॉक्स!"

चूक माझी होती. कचेरीतली नक्कल वेगळी, हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. पण कारकुनाला आता चेव चढला होता. "बरं, नकला तर आणल्या. असल कुठंय?"

चाचांनी घट्टे पडलेले दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"असल ये है. बघा, तुमच्या झेरॉक्सात निघते का याची नक्कल!"