सफरचंदाची वाटी

दवाखान्याच्या बाकावर एक म्हातारी समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. एका बाजूला तिचा मुलगा, दुसऱ्या बाजूला मुलगी. समोरच्या खुर्चीत, आपल्या नंबराची वाट बघत, शाळेतल्या एक बाई बसल्या होत्या. गप्प पोरांना बोलतं करण्यात त्यांची हयात गेली होती.

“दादा, शिजवलेल्या सफरचंदाची वाटी आईनं आजही तशीच ठेवली रे.”

“आणि शब्द? पडल्यापासून एकही नाही. डॉक्टर म्हणालेत, या खेपेलाही बोलली नाही तर पुढचं कठीण आहे.”

“हळू बोल. तू ते शिजवलंस तरी कसं?”

“ती करायची तसंच, चिमणे. फोडी, साखर, तांब्याभर पाणी.”

“तांब्याभर? फोडींना पोहायला शिकवत होतास का?”

“मग तू सांग! तापात वाट्या चाटूनपुसून तूच खायचीस.”

“खायचे रे. कसं करतेस, ते कधी विचारलंच नाही तिला.”

“मीही नाही.”

बाई म्हातारीकडे वाकल्या.

“मी तर आजी, अख्खं सफरचंद कुकरात घालते, वर मूठभर मीठ, आणि पाच शिट्ट्या देते.”

“मीठ?” मुलगी दचकली.

म्हातारीची मान हळूहळू वळली.

“लगदा... लगदा होईल.”

“आई!”

“मग किती शिट्ट्या देऊ हो?” बाईंनी विचारलं.

“शिट्टी... नाहीच. मंद आच.”

“पुढचा नंबर! आजींना आत आणा,” दारातून नर्सनं हाक दिली.

“थांबा हो जरा,” मुलगा म्हणाला. “साखर कधी घालायची ते राहिलंय.”