होळीत टाकलेला फोटू

सोलापूरहून येरमाळ्याला निघालेल्या यष्टीत माझ्या पुढच्या सीटवर नवरा-बायको होते, दोघंही साठीपुढचे. त्याच्या मांडीवर छातीच्या स्कॅनचा मोठा लिफाफा होता.

"आत डॉक्टर काय म्हणले?" तिनं विचारलं.

"फुप्फुसात डाग दिसतोय."

"आवं, मशिनीची लाईट देऊन कॅन्सरची गाठ जाळली म्हणले होते की!"

"लायटीचा बी वण ऱ्हातो. ह्यो वण हाय का गाठ वाढली, ते जुन्या फोटूशी ताडल्याबिगर कळत न्हाय."

"जुना तर म्या होळीत टाकला."

"व्हय."

"दुखणं बी जळून जाईल म्हणून टाकला वो."

"ठावं हाय मला."

"डॉक्टरला काय सांगितलं?"

"म्याच यष्टीत इसरलो म्हणून."

"मग?"

"लई बोलले मला. आता तीन महिन्यांनी परत फोटू काढायचा, तवा कळंल."

"तीन महिने?"

"व्हय."

"माझं नाव का न्हाय घेतलं?"

"तुझं नाव घेतलं असतं तर म्होरल्या टायमाला तू माझ्यासंगं आत आली असतीस का?"

त्यानं लिफाफा तिच्यापुढं केला.

"धर. ह्यो फोटू तू संभाळ."

"माझ्याकडं नका देऊ."

"मग कुणाकडं देऊ?"