परीच्या जन्माची वेळ

(कुडव्याच्या सुनंदाताई आमच्याकडे स्वयंपाकाला येतात. नातवंडांनो, त्या जसं बोलल्या तसंच उतरवलं आहे.)

माझं माहेर सौंदडचं, बापाची धानाची शेती, आन् लगन होऊन मी कुडव्याले आली, मालकाचं पंक्चरचं दुकान आहे. काय सांगू तुमाले काकू, सासू भेटली ते अशी का मले मायची आठवन कमी आली. परीच्या वक्ताले मले घागर उचलू दे नाही, म्हने, तू बस, बाळ हलून राहिलं तिकडं ध्यान दे.

कळा सुरू झाल्या तं गोंदियाच्या एका दवाखान्यात नेलं. अकरा वाजता सिस्टर म्हने, बाळाचे ठोके कमी होऊन राहिले, डॉक्टरले फोन लावला, ते येतो येतोच करत राहिले, आन् ऑपरेशन करून परी काढली तवा सव्वा वाजला होता. पोरगी रडली नाही, काकू.

आता आमच्याच घरची गोष्ट सांगतो. सासूनं बाहेरून महाराजाले फोन केला, महाराज म्हने बारापर्यंत पुष्य, मग आश्लेषा. आश्लेषाची पोरगी तिच्या सासूले भारी, असं म्हन्तेत ना. सासू घाबरली, असी सून कोन करन? तिनं सिस्टरचे हात धरले, साडेअकरा लिहून दे वो माय, तुह्यं काय जाते. सिस्टरनं फाईलीत लिहून देलं. मले काही पत्ता नाही.

परी दोन वर्साची झाली तरी बसे नाही. मग त्या दवाखान्यावर ग्राहक आयोगात केस टाकली, आन् नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरीनबाईले आमच्या वकिलानं मत मांगितलं. बाई फाईल वाचून म्हने, अकराले ठोके कमी, साडेअकराले बाळ बाहेर, याच्यात उशीर कुठं झाला? मी म्हनली, सव्वा वाजला होता. बाई म्हने, मी कागदावर बोलते, कागद दाखवा.

घरी येऊन मी भाकर थापता थापता रडून राहिली होती. सासू दारातच उभी राहिली, म्हने, सुनंदा, मारतं तं मार मले. आन् सारं सांगतलं. तीन दिवस मी तिच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं डबी आनून देली. परीची सुकलेली नाळ जपून ठेवली होती तिनं, आन् तिच्यासंगं मनगटाची पट्टी, जन्मताच बांधलेली. पट्टीवर माझं नाव, तारीख, सव्वा वाजता.

सासू स्वतः नागपूरले आली. बाई म्हने, आजी, आयोगापुढं सांगाल का? तिकडचा वकील तुम्हाला खोटं पाडेल. सासू म्हने, मी खोटी होतीच, बाई. पोरगी खोटी नाही.

बाईनं मंग भूल देनाऱ्या डॉक्टरचा कागद मांगवला, त्याच्यावर भूल एक वाजता देल्याचं निघालं. मत नवीन लिहून देलं, अकरापासून बाळ दोन घंटे तसंच राहिलं म्हनून. निकाल अजून यायचा आहे, काय होईल देव जाने. आयोगात साऱ्याईसमोर सासूनं कबूल केलं, तिकडच्या वकिलानं लय टोचलं, पन ते हलली नाही.

परी आता आठ वर्साची झाली, भिंत धरून चालते, शाळेत जाते, आजीले अये बुढे म्हन्ते. तिच्या वाढदिवसाले मालक सकाळीच दुकान बंद करतेत, मी खीर करतो, पन ओवाळाची घाई कोनी करायची नाही. सासू तबक घेऊन घड्याळाखाली उभी राह्यते. मालक म्हन्तेत, आई, दिवा विझून राहिला. ते म्हन्ते, विझू दे, दुसरा लावतो, सव्वा वाजू दे.