आईनं परात सरकवली

आमच्या आईच्या कानाला फसवणं अवघड. रस्ता दरवर्षी उंच होतोय आणि गटाराचं पाणी थेट स्वयंपाकघरात येत होतं, म्हणून आम्ही तेवढ्याच खोलीची जमीन फूटभर उचलली. मुरूम भरून वर नवी फरशी बसवली. वळसंगचा इरण्णा गवंडी म्हणाला, "मावशी, आता हत्ती नाचवा. फरशी हलायची न्हाय."

शेवटच्या दिवशी आईनं त्याला जेवायला थांबवलं आणि त्याच फरशीवर भाकरी थापायला बसली. दोन थापा मारून थांबली. परात हातभर सरकवून पुन्हा थापली.

"इरण्णा, हितं खाली पोकळ हाय."

"मावशी, परातीचा आवाज असंल की."

"चाळीस वर्षं थापतीय मी. परातीचा आवाज मला सांगतोस व्हय? काढ फरशी."

मी म्हणालो, "अगं, नवी फरशी फुटेल."

"तू गप बस."

इरण्णानं फरशी उचलली. खाली मूठ जाईल एवढी पोकळी! त्यानं मुरूम भरला, पाणी मारून धुमसानं ठोकून घट्ट केला, फरशी परत बसवली आणि मगच जेवला.

परवा त्याचा अक्कलकोटहून फोन आला. "दादा, हितं एका घराची फरशी बसवून झालीय. मालक बघायला यायच्या आत मावशीला पाठवता का? परात घेऊन."