अठ्ठावीस तारखेचा पाव

माझे नाव एवोदियो केरो सोसा, वय ५४ वर्षे, शिक्षण वाणिज्य शाखेची पदवी, धंदा पावभट्टी (त्यावरून गावात मला मास्तर म्हणतात), राहणार चर्चमागील गल्ली, सान्ता रोसालिया, प्रांत वाहाका, मेक्सिको. मी पोलीस चौकीत आपणहून हजर होऊन सांगतो की,

वरील पत्त्यावर वडिलांपासून चालत आलेली माझी भट्टी आहे. वर्षभर मी साधे पाव करतो. शरद ऋतूत, ऑक्टोबर संपत आला की, गेलेल्यांचे पाव करतो. त्यांत अंड्याचा बलक व बडीशेप असते, वर पिठाचा रंगवलेला चेहरा बसवतो आणि गिऱ्हाईक सांगेल ते नाव साखरेने लिहितो. आजारपणाने वा वयाने गेलेल्यांचे पाव दोन नोव्हेंबरला लागतात. अपघाताने किंवा घातपाताने गेलेल्यांचे अठ्ठावीस ऑक्टोबरला लागतात. ते घरी ठेवत नाहीत. जिथे जीव गेला, त्या जागी त्याच दिवशी नेऊन ठेवतात. हे गावात लहानथोर सर्वांना माहीत आहे.

तोमासा रुईस या विधवा बाई माझ्या शेजारी राहतात. त्यांचा मुलगा नाबोर तीन वर्षांपासून बेपत्ता आहे. त्यांचा भाचा रुतिलियो ट्रक चालवतो. शेवटच्या दिवशी नाबोर त्याच्यासोबत मालाच्या खेपेवर गेला होता. त्याला उत्तरेकडच्या बसमध्ये बसवून दिले, असे रुतिलियोने त्या वेळी सर्वांना सांगितले. तेव्हापासून तोमासाबाई रोज सकाळी दोन साधे पाव नेतात, एक स्वतःला व एक नाबोरला. त्या नवऱ्याचा पाव सांगायला आल्या असता, नाबोरचाही करू का, असे मी एकदाच विचारले होते. त्या म्हणाल्या, "मास्तर, जित्या माणसाचं श्राद्ध घालता काय? पुन्हा विचाराल तर दुसऱ्या गल्लीतून पाव आणीन. तिकडचे चिवट असले तरी चालतील."

दिनांक २६ रोजी दुपारी रुतिलियो दुकानात आला व त्याने अठ्ठावीस तारखेचा एक पाव मागितला. त्याच्या घरात तसे कोणी गेलेले नाही. म्हणून मी म्हणालो, "अरे, घरात सगळे ठणठणीत, आणि तू कुणाला मारून पाव मागतोस?" गल्लीत आम्ही असेच बोलतो. तो हसला नाही.

"नाव काय लिहू?"

"नाबोर."

मी ते वहीत उतरवले नाही. तो म्हणाला, "नाव घालाच, मास्तर. नाव नसलं तर त्याला आपला पाव कळायचा नाही. मग तो सीटवरून उठायचाच नाही."

"कुठल्या सीटवरून?"

"माझ्या शेजारच्या. तीन वर्षं बसलाय. बोलत नाही. काच तेवढी खाली करतो. मी वर केली, की पुन्हा खाली."

मी मागणी घेतली. त्यानंतर मी चौकीत आलो नाही व तोमासाबाईंनाही काही सांगितले नाही.

आज सकाळी तो पाव तयार झाला. आगाऊ सांगितलेले पाव मी नेहमी आतल्या फळीवर ठेवतो. हा पाव मी दर्शनी फळीवर, नाव बाहेरच्या बाजूस करून ठेवला. हे माझ्याकडून नजरचुकीने झालेले नाही.

तोमासाबाई आल्या. नेहमीचे दोन पाव पिशवीत घातल्यावर त्यांनी वर पाहिले.

"हा माझ्या नाबोरचा?"

"हो."

"आणि आज? अठ्ठावीसला?"

"हो."

"कुणी सांगितला?"

"येईलच तो. बसा तुम्ही."

त्या पिठाच्या पोत्यावर बसल्या. पाव उचलून त्यांनी मांडीवर घेतला. थोड्या वेळाने रुतिलियो दारात आला आणि तिथेच थांबला.

"मावशी..."

"ये. गरम आहे अजून. कुठं नेऊन ठेवू सांग."

"ट्रक मागं घेत होतो गं. तो मागं उभा होता. मला दिसलाच नाही. मग मी घाबरलो, आणि तिथंच..."

"ते नंतर सांग. कुठं?"

"चुन्याच्या जुन्या भट्टीमागं. बाभळीखाली."

हे शब्द मी स्वतः, गल्ल्यापाशी उभा असताना, ऐकले आहेत. जागेबाबत माझी खात्री आहे. निघताना तोमासाबाईंनी पिशवीतला एक साधा पाव काढून परत फळीवर ठेवला. आम्ही तिघे पायीच चौकीत आलो. वाटेत रुतिलियोचा ट्रक उभा होता. त्याची डावीकडची, चालकाच्या बाजूची काच वर होती. उजवीकडची, शेजारच्या सीटची, खाली होती.

सध्या ते दोघे बाहेरच्या बाकावर बसले आहेत. पाव दोघांच्या मध्ये आहे. साहेबांनी तो मुद्देमाल म्हणून मागितला असता तोमासाबाईंनी दिला नाही. पाव माझ्या भट्टीत भाजला असला तरी आता तो माझा नाही, त्यामुळे मीही तो देऊ शकत नाही.

जागा उद्या अधिकारी आल्यावर खोदू, असे साहेबांनी सांगितले. त्यास माझी हरकत नाही. एवढीच विनंती आहे की, खोदणे उद्या करावे, परंतु त्या बाईंना आज दिवस मावळण्याच्या आत तिथे नेण्यात यावे. उद्या एकोणतीस तारीख आहे.

हा जबाब मी स्वतः मोठ्याने वाचून पाहिला. मी सांगितले तेच व तेवढेच यात आहे.

सही
एवोदियो केरो सोसा
सान्ता रोसालिया, दिनांक २८ ऑक्टोबर २०१९