नावाड्यानंतरची शांतता

सासरे : साडेअकरा वाजले. तपासणी झाली म्हणतात, मग बसवून का ठेवलंय?

सून : त्या बाई आलेख बघताहेत बाबा. बोलावतील.

सासरे : त्या काचेच्या खोलीत कोंडलं आणि कानांवर दोन वाट्या बसवल्या. म्हणे, आवाज आला की बटण दाबा. आवाज येईचना. मला वाटलं यंत्र बिघडलंय.

सून : मग काय केलंत?

सासरे : काय करणार? दाबलंच नाही. कुणाचं मन राखायला दाबायचं?

सून : तुम्ही आणि मन राखणं. एक मिनिट हं, फोन आहे. हॅलो... हो, अजून तिथेच आहोत. नाही, काही सांगितलं नाही. कळवते.

सासरे : कुणाचा होता? आणि वाजला कधी?

सून : तुमच्या चिरंजीवांचा. आत्ता वाजला की, चांगला चार वेळा.

सासरे : काहीतरीच. आणि तू तरी एवढी ताठ का बसली आहेस? परवा तुझ्या वाचनाबद्दल बोललो ते अजून मनात आहे वाटतं.

सून : मी विचारलं, तुम्ही सांगितलं. विषय संपला.

सासरे : संपला असता तर दोन दिवस भात वाढताना हात आखडता घेतला नसतास.

सून : तो डॉक्टरांनी आखडता घ्यायला सांगितलाय. तुमच्या साखरेसाठी.

सासरे : हे बघ, माझा दोष एवढाच की मी खूप ऐकलंय. चष्म्याच्या काचा घासायचं काम, हात चालू, डोकं रिकामं. गोष्टी वाचून दाखवणारा तो डबा शेजारी लावून राजे, राक्षस, उडते घोडे, जे मिळेल ते कानात घालायचो. वाचणारे किती झाले असतील सांग. एक जण राक्षस आला की घसा खाकरायचा, बस, झाला राक्षस. एक बाई प्रत्येक म्हातारीला दाराच्या बिजागरीचा आवाज द्यायची. एक होता, लढाई सुरू व्हायच्या आधी असा श्वास घ्यायचा, की आता हा विहिरीत सूर मारणार.

सून : आणि राज्यांची नावं वाचणारा.

सासरे : हो, तो. सात राज्यांची नावं अशी वाचली, जसं दुकानदार उधारीवाल्यांची वाचतो. पण त्याच्याहून वाईट आमचे चिरंजीव. दीडपट वेगानं ऐकतात. राणी मरते तीसुद्धा बस पकडायची असल्यासारखी.

सून : आणि या सगळ्या वाचणाऱ्यांच्या वर तुमचे लाडके, ज्यांना तुम्ही ढग म्हणता ते.

सासरे : ढगच. दुसरं काय म्हणायचं त्या आवाजाला? तळ्याखालच्या शहराच्या गोष्टीचे पहिले चार भाग त्यांनी वाचले. ते शहर पहिल्यांदा दिसतं ना, तिथे दुसऱ्या कुणीही आवाज चढवला असता. त्यांनी खाली नेला. भर उन्हाळ्यात, दुकानात बसल्या जागी माझे पाय गार पडले. वाचणाऱ्यानं राक्षसाला आधी स्वतः घाबरावं, तेव्हा ऐकणारा घाबरतो.

सून : ते निवृत्त झाले, पाचवा भाग वाचायला माझ्या वाट्याला आला आणि तळं आटलं. पाठ आहे मला.

सासरे : आटलं म्हणालो नाही. शब्द गिळतेस म्हणालो. वाक्याचं शेपूट हाती लागत नाही. आणि त्या सावल्या बोलायला लागल्या की तू आहेस का उठून गेलीस, तेच कळत नाही.

सून : हेही पाठ आहे.

सासरे : चांगलं होतं त्याला चांगलंही म्हणालो की. नावाडी मरतो आणि तू थांबतेस. ती शांतता. तसं थांबणं ढगांनाही जमलं नसतं.

सून : बाबा, ते राहू द्या.

सासरे : का राहू द्या?

सून : पाणी हवंय का? कोपऱ्यात भरून ठेवलंय.

सासरे : पाणी नको. का राहू द्या ते सांग.

सून : कारण काल सकाळी मी स्टुडिओत कळवलं. सहावा भाग मी वाचत नाही, दुसरं कुणी बघा म्हटलं.

सासरे : शेवटचा भाग? मी चार शब्द बोललो म्हणून?

सून : त्या चार शब्दांमुळे नाही. ते अपेक्षितच होते. कौतुक केलंत ना, त्यामुळे.

सासरे : हे काय कोडं घालतेस?

सून : चला, बोलावताहेत. दाराला उंबरा आहे, बघून.

तपासनीस : या, बसा. खुर्ची जवळ घ्या आजोबा. माझं बोलणं नीट पोचतंय ना?

सासरे : तुमचं तोंड दिसतंय तोवर पोचतंय.

तपासनीस : मला तेच सांगायचंय. ही रेघ बघा. इथे जाडे, खालचे आवाज. ट्रक, ढोल, पुरुषांचं बोलणं. यात तुम्ही माझ्याहून बरे आहात. आणि इथून पुढे उतार लागलाय. हे बारीक आवाज. पाखरं, फोनची किणकिण. बोलण्यातले स, श, फ. कुजबुज तर जवळजवळ नाहीच.

सासरे : नाहीच म्हणजे काय?

तपासनीस : म्हणजे शेजारचा कुजबुजला, तर तुम्हाला तो गप्प बसलाय असं वाटेल.

सून : एकदा परत सांगता का हे?

तपासनीस : कुजबुजणारा माणूस यांच्या कानांना गप्प वाटेल. का हो, काय झालं?

सून : काही नाही. किती दिवसांपासून असेल?

तपासनीस : दिवस नाही, वर्षं. इतकं हळू जातं, की ज्याचं जातं त्याला पत्ता लागत नाही. काम काय करायचात आजोबा?

सासरे : काचा घासायचो. चष्म्याच्या.

तपासनीस : यंत्र कसं वाजायचं?

सासरे : बारीक. दातांत कळ जाईल असं. त्याच्यावरून ऐकू यावी म्हणून गोष्ट आणखी मोठी लावायचो.

तपासनीस : मग दोन्हींनी मिळून काम केलंय.

सासरे : लोकांच्या डोळ्यांपायी कान गेले म्हणा की.

सून : पण घरात आम्हाला कसं कळलं नाही?

सासरे : कसं कळणार? तू बोलतेस ती समोर येऊन, कंबरेवर हात ठेवून. चिरंजीवांचा आवाज रेड्याचा.

सून : दाराची घंटा बदलली आणि गॅसवाला तीनदा परत गेला, तेव्हा कुठे आलो आम्ही. मी तर म्हणत होते, हे मुद्दाम उठत नाहीत.

तपासनीस : आज दोन यंत्रं देते, घालून बघा. तुमच्या कानांपुरती जुळवावी लागतील. बसा, मी आलेच.

सासरे : गेल्या का त्या? आता बोल. कौतुकामुळे म्हणजे काय?

सून : नावाडी मरतो, त्यानंतर मी थांबत नाही.

सासरे : थांबतेस. मी पुन्हा पुन्हा ऐकलंय ते.

सून : नाही थांबत, बाबा. तिथे त्याची सावली बोलते. तीन वाक्यं, कुजबुजून. अख्ख्या भागात सगळ्यात जास्त घाम मी त्या तीन वाक्यांवर गाळला. रेकॉर्डिंग करणारा शेवटी म्हणाला, ताई, आता सावलीसुद्धा थकली.

सासरे : तीन वाक्यं.

सून : तुम्ही जिचं कौतुक केलंत ती शांतता तिथे नव्हतीच. मला वाटलं, यांनी नीट ऐकलंच नाही, मला बरं वाटावं म्हणून काहीतरी रचलं. आणि तेही तुम्ही. स्वतःच्या मुलाच्या लग्नात व्याह्यांच्या भाषणाला तोंडावर लांबलं म्हणणारा माणूस.

सासरे : लांबलंच होतं. तुझे वडील आहेत म्हणून काय झालं.

सून : लांबलं होतं. म्हणून तर म्हणते. अशा माणसावर माझं मन राखायची वेळ आली, तर माझ्या वाचण्यात उरलंय काय? दोष काढलेत त्यानं मी सोडलं नसतं. दया आली म्हणून सोडलं.

सासरे : वाचणाऱ्याबद्दल मी आजवर खोटं बोललो नाही.

सून : हो. मघाशी कळलं ते.

सासरे : मी खरंच थांबायचो तिथे. डबा हातात धरून. तुझ्या सासूबाई गेल्या तेव्हा घरात सतत कुणीतरी बोलत होतं. चहा झाला का, फोन केला का, चपला कुठे काढल्यात. दोन मिनिटं कुणी गप्प बसलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं, ह्या पोरीनं ते तेव्हाच टिपून ठेवलं आणि इथे बरोबर ठेवून दिलं.

सून : मीच विचारत होते, चहा झाला का.

सासरे : तूच होतीस. आणि शांतता दिली ती माझ्या बिघडलेल्या कानांनी. हसू नकोस.

सून : हसत नाहीये.

सासरे : मग रडूही नकोस. त्या बाई येतील, त्यांना वाटेल मी जाच करतो.

सून : करताच की.

सासरे : लाव फोन स्टुडिओला. वाचते म्हणून सांग.

सून : असं कसं सांगू? तुमचे कान गेले म्हणजे मी चांगली वाचते असं थोडंच ठरतं? मी शब्द गिळत नसेनच कशावरून?

सासरे : हे बरोबर. हे खरं मी बोलायला हवं होतं.

सून : इतकी वर्षं तुमच्या घरात काढली आहेत.

सासरे : माझं मत तुझ्याबद्दल नव्हतंच. मी तुला अजून ऐकलेलंच नाही.

सून : आणि ऐकून नाही आवडलं तर?

सासरे : तर सांगेन.

सून : नक्की?

सासरे : भात बंद केलास तरी.

सून : मग लावते. वाजतोय... उचलत नाहीत. निरोप ठेवते. हॅलो, मी बोलतेय, पाचव्या भागाची. कालचं मी मागे घेते. सहावा अजून कुणाला दिला नसेल तर मला वाचायचाय. कळवा. झालं.

सासरे : दिला असेल तर?

सून : तर दिला. दोघी-तिघी टपूनच होत्या. त्यातली एक खरंच चांगली वाचते.

सासरे : म्हातारीला बिजागरी देते?

सून : देते.

सासरे : मग कसली चांगली.

तपासनीस : हं, मान जरा इकडे. आता दुसरा कान. बसलं. कसं वाटतंय?

सासरे : हे काय खरखरतंय?

तपासनीस : तुमची बाही. टेबलावर घासली जातेय.

सासरे : आणि ती टकटक?

सून : भिंतीवरचं घड्याळ, बाबा.

सासरे : हे मघापासून चालू होतं? बाई, तुमचा आवाज पत्र्याच्या पिंपातून आल्यासारखा येतोय.

तपासनीस : सुरुवातीला सगळंच पत्र्याचं वाटतं. डोकं हळूहळू जुळवून घेतं. तोवर कुणाच्या आवाजाबद्दल मत बनवू नका.

सासरे : नवा चष्मा देताना मी हेच सांगायचो. जमीन तिरकी वाटेल, जिना जपून उतरा, आठवडाभर घाला. तरी लोक दारातूनच परत यायचे, काच चुकली म्हणून.

तपासनीस : मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. ही खोली आता रिकामीच आहे, बसा निवांत. मी शेजारी आहे.

सासरे : माझ्या पिशवीतून डबा काढ. गोष्टींचा.

सून : घरी जाऊन ऐका ना. त्या काय म्हणाल्या आत्ता? मत नको.

सासरे : मत देत नाही. ऐकतो. पाचवा भाग, नावाडी.

सून : मग मी बाहेर थांबते.

सासरे : कुठे चाललीस? बस. समोर नको, माझ्या पाठीमागे बस. तुझं तोंड दिसायला नको मला.

सून : तुम्ही नुसते चेहऱ्यावरून ऐकत होता तर इतकी वर्षं.

सासरे : बहुतेक. डब्याचा आवाज खोलीत सोड, माझ्या कानात त्याची वायर नको. लाव.

(ती डब्याचं बटण दाबून तो त्यांच्या हातात देते आणि खुर्ची त्यांच्या पाठीमागे ओढून बसते.)

डबा : ...नावाड्यानं तळ्याकडे एकदा पाहिलं. हातातलं वल्हं सुटलं. पाणी उघडलं आणि त्याच्यावर मिटलं.

सासरे : इथे. इथेच ते.

डबा : तू सगळ्यांना पार नेलंस. आता तू बस.

सासरे : हे इथे होतं?

सून : पहिल्यापासून.

सासरे : थांब, मी बंद करतो जरा. अगं, तुझ्या पर्समध्ये काय चिवचिवतंय?

सून : माझा फोन. बाबा, तुम्हाला ऐकू आला?

सासरे : ऐकू आला म्हणून तर विचारतोय. कोण आहे?

सून : स्टुडिओ.

सासरे : मग घे की. बाहेर जाऊन घे, माझी घाई नाही. इथे दोनच वाक्यं झालीत, तू तीन म्हणाली होतीस.